खटक्याचा आवाज

आमच्या मिरजेच्या घरात माजघराच्या फळीवर व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावला की मिनिटभर काहीच नाही, मग आत पिवळसर उजेड, तापलेल्या धुळीचा वास, आणि त्यानंतर सांगली आकाशवाणी. पुढच्या अंगाला चार बटणे. त्यांतले उजव्या टोकाचे बटण फिरवले की मीडियम वेव्हवरून शॉर्ट वेव्ह, आणि आणखी एक घर पुढे नेले की 'ग्रामोफोन'. रेडिओच्या पाठीला दोन भोके होती, त्यांत रेकॉर्ड प्लेअरची वायर खुपसलेली असे. आजोबांचा रात्रीचा क्रम ठरलेला : आधी रेडिओ, मग एक-दोन तबकड्या, मग पुन्हा थोडा वेळ रेडिओ. या दोहोंच्या मध्ये ते बटण फिरायचे आणि स्पीकरमधून 'फट्' असा आवाज यायचा. लवंगी फटाका फुटावा एवढा.

आजी पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. तिचा डोळा लागलेला असताना तो आवाज झाला की ती दचकून उठे आणि मग रात्रभर जागी राही. म्हणून आजोबांनी एक रीत घालून घेतली. आधी डावीकडचे बटण फिरवून आवाज पार बंद करायचा, मग उजवीकडचे फिरवायचे, मनात तीन अंक मोजायचे आणि आवाज हळूहळू वर आणायचा. ही रीत मोडल्याबद्दल आम्हा मुलांना मार बसलेला आहे. रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी बटणामागच्या पट्ट्या घासून स्वच्छ केल्या, पैसे घेतले आणि "व्हॉल्व्हचं मशीन म्हटल्यावर एवढं चालायचंच," असे सांगून गेले.

पुढे पोटापाण्यासाठी ध्वनियंत्रांच्याच सहवासात आयुष्य गेले, आणि हे 'चालायचंच' मला वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या यंत्रांबद्दल ऐकायला मिळाले. गिटार वाजवणाऱ्यांचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांत पायाने खटका दाबून स्वच्छ आवाजावरून फाटलेल्या, गुरगुरणाऱ्या आवाजावर जाता येते. तिथेही नेमका हाच 'फट्'. या आवाजाला इतिहास आहे. तो शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की प्रत्येक पिढीतल्या कुणाला तरी 'एवढं चालायचंच' हे मान्य नव्हते. आणि एका प्रसंगी तर उलटेच घडले : ज्या आवाजाचा कारखान्याला कमीपणा वाटत होता तोच वाजवणाऱ्यांना हवाहवासा झाला.

*

मराठीत 'खटका' हा शब्द मोठा सोयीचा आहे. सापळ्याला खटका असतो, विजेच्या दिव्याला असतो, दोन भावांत उडतो तोही खटकाच, आणि गवयाच्या गळ्यातून झटकन निघून जातो तोही. चारही ठिकाणी गोष्ट एकच : आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती यांच्यामध्ये वेळच नसणे. आपला 'फट्' या नसलेल्या वेळेतून जन्मतो.

विजेच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली ती जोसेफ हेन्री या अमेरिकन शिक्षकाने. अल्बनी गावातल्या शाळेत शिकवताना त्याच्या ध्यानात आले की बॅटरीला जोडलेली तार तोडली की ठिणगी पडते. तार लांब असली तर ठिणगी मोठी, आणि तीच तार गुंडाळून तिचे वेटोळे केले तर आणखी मोठी. १८३२ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वेटोळ्यातून वाहणारी वीज एकदम थांबवली तर ती थांबायला तयार नसते; ती व्होल्टेज चढवून अंतर ओलांडू पाहते. याच हेन्रीने विद्युतचुंबकावर जे काम केले त्यातून पुढे रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्याची, कल्पना रुजली. म्हणजे खटका आणि खटक्याचा उपद्रव हे दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले म्हणायचे.

तारायंत्राच्या काळात या ठिणगीचे फार कुणी मनावर घेतले नाही, कारण तिथे ऐकायचा होता तो कडकट्टच. टेलिफोन आला तेव्हा मात्र तोच कडकट्ट माणसाच्या कानाला चिकटवलेल्या डबीत शिरला. रिसिव्हर कानाशी असताना तिकडे कुठेतरी रिले बदलला की कानात टणत्कार. १९५०च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकचा '५००' हा घरोघरी पोहोचलेला टेलिफोन आला. त्याच्या कानाच्या डबीच्या दोन टोकांमध्ये 'व्हॅरिस्टर' नावाचा एक लहानसा भाग बसवलेला होता. बोलण्याच्या व्होल्टेजला तो जणू नसतोच. पण व्होल्टेज एकाएकी उसळले की तो आडवा पडून ते स्वतःतून जाऊ देतो. लाखो लोकांनी तो टेलिफोन वापरला, आणि आपल्या कानाशी असा एक राखणदार बसला आहे हे त्यांतल्या बहुतेकांना कधी कळलेही नसेल.

बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांचा अनुभव आणखी बोधक आहे. मोर्सच्या किल्लीने प्रक्षेपकाची लहर एकदम चालू आणि एकदम बंद केली तर ती लहर आपल्या ठरलेल्या कंपनसंख्येवर राहत नाही. आजूबाजूला शिंतोडे उडतात आणि शेजारच्या स्थानकावर ऐकणाऱ्याला 'टक् टक्' ऐकू येते. हौशी बिनतारीवाल्यांमध्ये यावरून भांडणे होत. उपाय निघाला तो असा की लहर उभ्या भिंतीसारखी न चढवता काही सहस्रांश सेकंदांत उतरणीसारखी चढवायची. किल्ली दाबणाऱ्याला फरक कळत नाही, संदेशाचा वेगही कमी होत नाही, पण शेजाऱ्याची कटकट थांबते. हा धडा आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे : यंत्रात काहीही बिघडलेले नसताना, सगळे कंडेन्सर ठणठणीत असतानासुद्धा, केवळ बदल एकदम झाला म्हणून आवाज होतो. गाण्याच्या भाषेत बोलायचे तर एका सुरावरून दुसऱ्यावर खटक्याने न जाता अगदी छोट्या मींडेने जायचे.

*

आता व्हॉल्व्हकडे यावे. फ्लेमिंगने १९०४ साली दोन इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्टने १९०६ साली त्यात तिसरा, जाळीसारखा ग्रिड घातला. या जाळीवर इवलेसे व्होल्टेज हलले की पलीकडच्या अ‍ॅनोडवर ते कितीतरी पटींनी हलते. १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो अशा व्हॉल्व्हच्या जोरावर. पण जो मुंगीच्या पावलाला हत्तीचे बळ देतो तो मुंगीच्या ठेचेलाही देणारच. व्हॉल्व्हच्या आधीचा कडकट्ट बॅटरीएवढाच मोठा असे. व्हॉल्व्हनंतर तो स्पीकरएवढा झाला.

त्यात व्हॉल्व्हची आणखी एक अडचण. त्याच्या अ‍ॅनोडवर दीडशे-दोनशे व्होल्ट कायम उभे असतात, आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला तर जवळजवळ शून्य हवे असते. मध्ये दाराशी उभा असतो कंडेन्सर : हलणारा आवाज आत सोडायचा, स्थिर व्होल्टेज बाहेर थोपवायचे. जुने कंडेन्सर कागद आणि मेणाचे. वर्षे गेली, दमट हवा लागली की हा द्वारपाल झिरपू लागतो. झिरपणे किती? एका मायक्रोअँपिअरएवढे, म्हणजे अँपिअरचा दहा लाखांवा भाग. पण पुढे दहा लाख ओहमचा रेझिस्टर असेल तर तेवढ्यानेही त्यावर पूर्ण एक व्होल्ट उभा राहतो. गिटारच्या तारेतून येणारा मूळ आवाज साधारण एक दशांश व्होल्टाच्या आसपास. म्हणजे खटक्याच्या एका बाजूला गाण्याच्या दहापट मोठा चढ तयार आहे, आणि खटका दाबला की आपण त्या चढावरून एकदम खाली उडी मारतो.

झिरपणारा कंडेन्सर नसला तरी हे घडू शकते. खटक्याने कंडेन्सरचे एक टोक सोडून दिले, ते कशालाच जोडलेले राहिले नाही, की ते लोंबकळणारे टोक हळूहळू पलीकडच्या व्होल्टेजकडे सरकत जाते. पुन्हा जोडले की सगळी साठवण एका क्षणात रिकामी होते. याची खूण फार सरळ आहे आणि मी ती कित्येकांना सांगितली आहे. यंत्र पाच मिनिटे एका स्थितीत राहू द्या, मग खटका दाबा : मोठा 'फट्'. लगेच मागे-पुढे चार वेळा दाबा : आवाज बारीक होत जातो. पुन्हा पाच मिनिटे थांबा : पुन्हा मोठा. असे होत असेल तर खटका घासून काही उपयोग नाही. कुठेतरी एक टोक लोंबकळते आहे. त्याला दहा लाख ओहमचा किंवा त्याहून मोठा एक रेझिस्टर लावून जमिनीशी बांधायचे, म्हणजे खटका कुठेही असो, ते टोक शून्यावर राहते. काही रुपयांचे काम. पण ते करताना एक विसरू नये : यंत्राची पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरांत तीन-चारशे व्होल्ट बसून असतात, आणि ते हात ओळखत नाहीत. ज्याला ते रिकामे करण्याची सवय नाही त्याने मागचे झाकण उघडू नये.

*

या इतिहासातले मला सर्वांत आवडते प्रकरण हॅमंड ऑर्गनचे. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा घड्याळे बनवणारा माणूस. स्वतःला वाद्य वाजवता येत नसे. घड्याळातल्या मोटारीचीच कल्पना वापरून त्याने फिरणाऱ्या दातेरी चाकांचा विजेचा ऑर्गन केला. पेटंट १९३४चे, यंत्र बाजारात आले १९३५ साली. चाके फिरत राहतात, प्रत्येक चाकापासून एक सूर सतत निघतच असतो. पट्टी दाबली की तो सूर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला जातो, एवढेच. म्हणजे या वाद्याची पट्टी हा मुळात खटकाच. आणि एक नव्हे : प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क, कारण प्रत्येक स्वरात नऊ घटक हवे तसे मिसळायची सोय होती. एका ओळीत एकसष्ट पट्ट्या, म्हणजे एका ओळीला ५४९ खटके, ओळी दोन.

या खटक्यांसाठी पॅलॅडियमसारखा महाग धातू वापरला होता, गंजू नये म्हणून. तरीही पट्टी दाबताना 'टक्' ऐकू येई. कारण वर आलेच आहे. चाकाची लहर वर-खाली होत असते आणि बोट नेमके कधी पडेल याचा काही भरवसा नसतो; लहर शिखरावर असताना संपर्क झाला तर शून्यावरून शिखरावर एकदम उडी. त्यात नऊ संपर्क अगदी एकाच क्षणी टेकत नाहीत, एकामागोमाग एक टेकतात. म्हणून तो आवाज एकाच टिचकीसारखा नसतो, मूठभर वाळू काचेवर पडावी तसा असतो.

हॅमंडचा माल मुख्यतः चर्चसाठी होता. पाइप ऑर्गनची ऐपत नसलेल्या चर्चना हे स्वस्त, लहान यंत्र. पाइप ऑर्गनची बरोबरी करण्याच्या जाहिरातीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे खटला चालला, आणि शिकागो विद्यापीठाच्या चर्चमध्ये दोन्ही वाद्ये आडोशामागे वाजवून ऐकणाऱ्यांची परीक्षा घेण्यात आली. अशा मानी कंपनीला प्रार्थनेच्या शांततेत उमटणारा 'टक्' म्हणजे लाजच. अभियंत्यांनी तो दोष मानला आणि गाळण्या लावून तो कमी करण्याची खटपट केली. पूर्ण गेला नाही.

मग १९५० नंतर तोच ऑर्गन चर्चमधून क्लबांत गेला. जिमी स्मिथने १९५६ साली ब्लू नोटसाठी तबकड्या केल्या तेव्हा जॅझमध्ये या वाद्याचे स्थानच बदलले. वेगाने वाजवताना प्रत्येक सुराच्या तोंडाशी येणारा तो 'टक्' आता अडथळा राहिला नाही. त्याने सुराला धार आली. आपल्याकडे तबल्याच्या शाईवर बोट पडताना किंवा सतारीच्या तारेवर नखी बसताना जो आघात ऐकू येतो त्याशिवाय तो सूर आपल्याला अपुरा वाटतो, त्यातलाच प्रकार. चाकांचा ऑर्गन १९७०च्या दशकाच्या मध्यावर बनायचा बंद झाला. आज त्याची नक्कल करणारे डिजिटल ऑर्गन मिळतात. त्यांत ना चाके, ना संपर्क, ना पॅलॅडियम. पण त्यांच्या पडद्यावर 'की क्लिक' नावाची एक सोय असते आणि तो आवाज किती हवा ते ठरवता येते. नव्वद वर्षांपूर्वी जो घालवण्यासाठी अभियंत्यांचे डोके दुखले तो आज मुद्दाम तयार करून विकला जातो, हे मला अजूनही थोडे गमतीचे वाटते.

*

हॅमंडच्याच सावलीत दुसरी गोष्ट घडली. डॉन लेस्ली या कॅलिफोर्नियातल्या माणसाने हॅमंड घेतला, पण घरात त्याचा आवाज त्याला सपाट वाटला. त्याने व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि फिरणारे कर्णे एका लाकडी कपाटात बसवले. आवाज खोलीभर गरगरू लागला. हे त्याने हॅमंडला दाखवले तर हॅमंडने नाकारले, आणि आपल्या विक्रेत्यांनी ते ठेवू नये असाही प्रयत्न केला. गिऱ्हाइकांनी दोन्ही विकत घेतले.

लेस्लीच्या कपाटात कर्णे संथ किंवा वेगात फिरवायची सोय होती. म्हणजे वाजवता वाजवता बदलायची स्थिती. खटका ऑर्गनवर आणि मोटार दूर कपाटात. १४७ या मॉडेलमध्ये त्यासाठी घरगुती विजेचे व्होल्टेजच तारेने खेळवले होते. १२२ या मॉडेलमधली युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. आवाज नेणाऱ्या ज्या दोन तारा, त्यांच्यावरच वेगाचा हुकूमही पाठवायचा. आवाज एका तारेवर वर जातो तेव्हा दुसरीवर खाली. हुकुमाचे स्थिर व्होल्टेज मात्र दोन्हींवर सारखेच चढते. अ‍ॅम्प्लिफायर दोन तारांमधला फरक तेवढा उचलतो, त्यामुळे दोन्हींवर सारखे असलेले त्याला दिसत नाही; ते दिसते एका वेगळ्या छोट्या व्हॉल्व्हला, आणि तो व्हॉल्व्ह रिले ओढतो. सगळे जुळलेले असेल तर कर्ण्यांचा वेग बदलतो आणि कानाला काही कळत नाही. पण एखादा रेझिस्टर म्हातारा झाला, दोन बाजू सारख्या राहिल्या नाहीत, की हुकूम गाण्यात शिरतो : वेग बदलला की 'ढब्'. शिवाय रिले मोटारीची वीज तोडतो तेव्हा हेन्रीची जुनी ठिणगी असतेच. तिच्यासाठी रिलेच्या टोकांवर कंडेन्सर लावावा लागतो. दोन आवाज, दोन कारणे, ऐकणाऱ्याला एकच तक्रार. दुरुस्ती करणाऱ्यांची सगळी फसगत इथे होते. आमच्या रेडिओवाल्यांचीही तीच झाली होती.

*

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सुरुवातीला बदलायला काही नव्हतेच. फेंडरच्या यंत्रांना दोन चॅनेल असत, पण ज्यात हवे त्यात गिटारची वायर खुपसायची. मात्र १९६३च्या सुमाराला फेंडरने थरथरत्या आवाजासाठी एक नवी रचना आणली, आणि तिने नकळत आपल्या गोष्टीला वळण दिले. एक निऑनचा इवला दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश पडला की रोध कमी होणारा एक तुकडा, दोन्ही काळ्या आवरणात बंद. दिवा लुकलुकतो, तुकड्याचा रोध कमी-जास्त होतो, आवाज लाटांनी वर-खाली होतो. पण निऑन हळूहळू पेटत नाही. तो एकदम पेटतो. त्या पेटण्याचा धक्का शेजारच्या तारांत उतरून कित्येक यंत्रांतून घड्याळासारखे 'टिक टिक' येई. उपाय होते : तारा दूर सारायच्या, एक छोटा कंडेन्सर लावून धक्क्याची धार बोथट करायची.

गंमत अशी की दोष होता दिव्यात. प्रकाश पाहणारा तुकडा मात्र स्वभावाने संथ होता. उजेड पडला तरी त्याचा रोध उतरायला काही सहस्रांश सेकंद लागतात, आणि अंधार झाल्यावर पुन्हा चढायला त्याहून पुष्कळ अधिक. हा संथपणा पुढे कामी आला.

रँडल स्मिथ हा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा तरुण. १९६९-७०च्या सुमारास त्याने फेंडरच्या एका लहानग्या 'प्रिन्सटन'च्या आत गमतीने दांडग्या यंत्राची रचना आणि मोठा स्पीकर बसवला. कार्लोस सॅंतानाने ते वाजवून पाहिले आणि खूश होऊन जे उद्गार काढले त्यांतून 'बूगी' हे नाव पडले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मग स्मिथने एकामागे एक व्हॉल्व्हच्या जादा पायऱ्या घालून आवाज इतका वाढवला की तो मुद्दाम फाटावा. स्वच्छ आणि फाटका, हे दोन्ही एकाच यंत्रातून, एकाच गाण्यात हवे. गाणे चालू असताना वायर काढून दुसरीकडे खुपसता येत नाही. त्यातून पायाच्या खटक्याने स्थिती बदलणारे 'मार्क टू' निघाले, आणि 'ड्युअल मोड' वाद्य-अ‍ॅम्प्लिफायरचे अमेरिकन पेटंट स्मिथला १९८० साली मिळाले.

इथे आपला 'फट्' आजवरच्या सगळ्यात वाईट जागी येऊन बसला. जादा पायऱ्यांनी गाणे जितके वाढते तितकाच खटक्याचा धक्काही वाढतो. त्यात गिटारवादक खटका कधी दाबतो? हळुवार कडवे संपून जोरकस भाग सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी, सभागृह श्वास रोखून असताना. सुरुवातीच्या 'मार्क टू' यंत्रांत खटका दाबताना आवाज येई अशी तक्रार होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या 'मार्क टू-सी'मध्ये ती दूर केली, आणि ती त्याच तुकड्याने : दिवा आणि प्रकाश पाहणारा रोध. आता दिवा लुकलुकणारा निऑन नव्हता. पायाने खटका दाबला की फक्त दिवा लागतो. गाण्याच्या तारेला खटका शिवतच नाही. तिच्यात बसलेला रोध आपल्या संथ चालीने उतरतो, आणि एक स्थिती दुसरीत मिसळत जाते. वादकाला वाटते बदल क्षणात झाला. कानाला मात्र तेवढी मींड पुरते.

पुढे रिले स्वस्त झाले आणि पुष्कळ यंत्रांत तेच आले. रिलेच्या वेटोळ्यावर उलटा डायोड लावला की हेन्रीची उसळी तिथल्या तिथे विरते. लोंबकळणारी टोके रेझिस्टरने बांधली की साठवण उरत नाही. पण तरीही लहर मध्येच तुटण्याचा 'टक्' राहतोच, कारण रिले खटक्यासारखाच वागतो. तेव्हा काही रचनाकारांनी तिसरा मार्ग धरला. खटका दाबल्याबरोबर आधी पुढच्या टप्प्यावर आवाज दाबायचा, मग रिले बदलायचा, त्याचे संपर्क थरथरून स्थिर होईपर्यंत थांबायचे, आणि आवाज पुन्हा सोडायचा. सगळे मिळून काही सहस्रांश सेकंद. अशा एका यंत्राचा नकाशा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. आवाज बंद, बटण फिरवा, तीन मोजा, आवाज वर.

*

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी मिरजेचे घर आवरताना तो रेडिओ माझ्याकडे आला. मी तो उघडला. वर सांगितलेली खूण करून पाहिली : पहिला 'फट्' मोठा, लगेचचे बारीक. आणखी एक खूण सापडली जी आम्हाला लहानपणी जाणवली असूनही कळली नव्हती. सुई सांगलीवर असताना बटण ग्रामोफोनकडे नेऊन परत आणले की आवाज मोठा येई. दूरच्या, दुबळ्या स्थानकावर लहान. रेडिओत आवाज वेगळा काढणाऱ्या भागावर एक स्थिर व्होल्टेज उभे राहते, आणि ते स्थानक जितके जोरकस तितके मोठे असते. बटण 'ग्रामोफोन'वर असताना एका कागदी कंडेन्सरचे टोक मोकळे सुटत होते. तबकडी वाजत असेपर्यंत ते टोक त्या व्होल्टेजकडे चढत जाई, आणि रेडिओकडे परतताना सगळे एकदम स्पीकरवर रिकामे होई. जाताना होणारा आवाज त्याहून लहान होता, पण त्याचेही मूळ त्याच कंडेन्सरच्या झिरपण्यात निघाले. घासायच्या पट्ट्यांशी कशाचाच संबंध नव्हता.

कंडेन्सर बदलला, त्याच्या टोकाला दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर लावून जमिनीशी बांधला. आवाज गेला. बटण कसेही, कितीही वेळा फिरवा, स्पीकर गप्प.

फक्त डावीकडचे, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. त्याच्या आत कार्बनची एक अर्धगोल वाट असते आणि तिच्यावरून एक पत्र्याची जीभ सरकते. भिंगातून पाहिले तर ती वाट शेवटच्या तुकड्यात, आवाज पार बंद होतो त्या टोकाजवळ, घासून पांढुरकी पडली होती. बाकीची जवळजवळ नव्यासारखी. आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर आजोबांनी तो रेडिओ अकरा वर्षे वापरला, आणि पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेले नसतानाही त्यांची रीत शेवटपर्यंत चालू होती. तो भाग बाजारात मिळतो. मी बदललेला नाही.